पोट उतरलं, तरी पीळ बाकी

तिसऱ्या दिवशी सकाळी रुग्णाला भूक लागलेली असते. दोन दिवसांपूर्वी नगाऱ्यासारखे तट्ट फुगलेले पोट आता सपाट झालेले असते, कळा थांबलेल्या असतात आणि गुदद्वारातून आत सरकवलेली नळी तेवढी मांडीला चिकटपट्टीने लावलेली असते. जून-जुलैचे दिवस असतील तर मुळशीच्या खोऱ्यात भाताची लावणी तोंडावर आलेली असते. अशा वेळी शल्यचिकित्सक खाटेजवळ येऊन ‘आता ऑपरेशन करून घेऊ’ म्हणतात, तेव्हा रुग्ण आणि नातेवाईक दोघेही बुचकळ्यात पडतात. पोट उतरलं, वारा सरला, संडासला झालं, मग आता कशाला कापायचं? लावणी होऊ दे, मग बघू, असे म्हणून कागदावर सही करून घरी जाणारे कमी नसतात.

आतड्याला पीळ पडणे, म्हणजे वैद्यकीय भाषेत व्हॉल्व्ह्युलस, या आजारातला सर्वांत फसवा क्षण हाच असतो. नळीने पीळ सुटतो, पण तो ज्या कारणाने पडला ते कारण पोटात तसेच राहते. शस्त्रक्रिया न करता घरी गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास, काही ठिकाणच्या अनुभवात त्याहूनही जास्त रुग्ण पुन्हा तोच पीळ घेऊन येतात. कोणी महिन्याभरात, कोणी दोन वर्षांनी. पहिल्या खेपेला आतडे शाबूत होते, म्हणून दुसऱ्या खेपेलाही असेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण माणसांच्या स्वभावासाठी आहे खरी, पण मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणालाही ती नेमकी लागू पडते.

झोळी फिरते, पाळणा फिरत नाही

मोठे आतडे पोटात चौकटीसारखे बसलेले असते: उजवीकडून वर, मग आडवे, मग डावीकडून खाली. उजव्या आणि डाव्या बाजूचा भाग पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटलेला असल्यामुळे तो सहसा जागचा हलत नाही. खाली ओटीपोटात शिरताना मात्र इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा एक मोकळा वळसा येतो. त्याला सिग्मॉइड कोलन म्हणतात. हा वळसा मागच्या भिंतीला एका पातळ पडद्याने टांगलेला असतो आणि त्याला रक्त नेणाऱ्या-आणणाऱ्या वाहिन्याही त्याच पडद्यातून जातात.

पडद्याचा पाया रुंद असेल तर वळसा हलतो, पण फिरत नाही. वळसा लांब आणि पाया अरुंद, म्हणजे वळशाची दोन्ही टोके एकमेकांजवळ आलेली असतील तर गोष्ट वेगळी. चार साखळ्यांचा पाळणा झुलतो, पण स्वतःभोवती गरकन फिरत नाही. आढ्याला एकाच दोरीने बांधलेली झोळी मात्र आतले बाळ कुशीवर वळले तरी फिरते. लांबलेल्या सिग्मॉइडची अवस्था या झोळीसारखी असते. त्यात मळ आणि वायू साठून वजन वाढले की एखाद्या दिवशी ती एक पूर्ण फेरा घेते, कधी दोन.

असा लांब वळसा कोणात असतो? भारत, आफ्रिका, पश्चिम आशिया, तुर्कस्तान, रशिया आणि दक्षिण अमेरिकेतील डोंगराळ भाग हा या आजाराचा पट्टा मानला जातो. येथे तो प्रामुख्याने चाळिशी ते साठीच्या पुरुषांत, त्यातही ग्रामीण भागात दिसतो. युरोप-अमेरिकेत हाच आजार सत्तरी ओलांडलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा मानसिक आजाराची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या, बद्धकोष्ठ असलेल्या वृद्धांत आढळतो. आयुष्यभर चोथायुक्त आहार घेतल्याने आतडे लांबते आणि रुंदावते, असे या पट्ट्याचे एक जुने स्पष्टीकरण आहे. म्हणून कोणी भाकरी आणि पालेभाजी सोडू नये. लाखो लोक तोच आहार घेतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना पीळ पडतो. शिवाय आता मुळशीत दोन्ही प्रकारचे रुग्ण संभवतात. पूर्वेला हिंजवडी, पश्चिमेला ताम्हिणीच्या कुशीतल्या वाड्या, आणि मुले कामासाठी शहरात गेल्याने मागे राहिलेले, चालणे-फिरणे कमी झालेले, आठवडाभर शौचाला झाले नाही तरी कुणाला न सांगणारे म्हातारे आईवडील.

गर्भवती स्त्रियांचाही उल्लेख करायला हवा. वाढलेले गर्भाशय सिग्मॉइडला वर ढकलते आणि लांब वळसा असेल तर तो फिरू शकतो. गर्भारपणात आतडे अडण्याच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे. मात्र पोटातली कळ ‘दिवस भरत आले’ या खात्यात आणि फुगलेले पोट गर्भाच्या खात्यात टाकले जाते, त्यामुळे निदानाला उशीर होतो.

पीळ पडल्यावर आत काय होते

पीळ पडला की वळशाची दोन्ही तोंडे बंद होतात. आतला वायू आणि मळ बाहेर येऊ शकत नाही, जंतू मात्र आत वायू तयार करत राहतात. त्यामुळे पोट तासागणिक फुगत जाते, अनेकदा एका बाजूला जास्त. त्याच वेळी पडद्यातल्या रक्तवाहिन्याही पिळल्या जातात. शिरांच्या भिंती पातळ असतात आणि त्यांतला दाब कमी असतो, म्हणून आधी त्या दबतात. रक्त येत राहते, पण परत जात नाही. आतडे सुजते, जांभळे पडते. मग धमन्याही बंद होतात आणि आतड्याचा तो भाग मरू लागतो. मेलेल्या भिंतीतून जंतू आणि त्यांची विषे रक्तात शिरतात, भिंत फाटली तर मळ पोटात सांडतो. यानंतरचा लढा आतड्यासाठी नसतो, जिवासाठी असतो.

यात किती वेळ जातो हे पीळ किती घट्ट यावर ठरते. सैल पिळात दोन-तीन दिवस आतडे तग धरते. पक्का पीळ असेल तर काही तासांत ते काळे पडते. छोटे आतडेच मोठ्या आतड्याच्या देठाभोवती गुंडाळून दोघांची गाठ बसली तर दोन्हींचा रक्तपुरवठा झपाट्याने तुटतो आणि तिथे नळीचा काही उपयोग होत नाही. घरच्यांना बाहेरून यातला कोणता प्रकार आहे हे ओळखता येत नाही. डॉक्टरांनाही नुसते पोट दाबून खात्रीने सांगता येत नाही.

पोटात कळा, झपाट्याने वाढणारी फुगी, संडास आणि वारा दोन्ही पूर्ण बंद ही तीन लक्षणे एकत्र आली की पीळ किंवा आतड्याची दुसरी कोणती तरी अडवणूक आहे असेच धरून चालावे. मोठ्या आतड्याच्या पिळात उलटी बऱ्याचदा उशिरा सुरू होते, त्यामुळे ‘उलटी नाही, म्हणजे साधा गॅस’ हा तर्क चुकतो. येणारी-जाणारी कळ सतत दुखू लागली, ताप आला, नाडी वेगाने चालू लागली, पोट हात लावू देईना किंवा गुदद्वारातून काळसर रक्त आले, तर आतडे मरू लागल्याची ती खूण असते.

आणि नेमके याच वेळी घरगुती उपचार सुरू होतात. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणे, ओवा-सोडा, आणि सर्वांत घातक म्हणजे एरंडेल. पुढचा रस्ता बंद असताना जुलाबाचे औषध दिले की आतडे बंद दारावर अधिक जोराने धडका देते. पोट चोळून पीळ सुटत नाही, उलट कमकुवत झालेली भिंत फाटू शकते. रुग्णाला तोंडाने काहीही न देता हलवणे एवढेच घरच्यांच्या हातात असते.

हलवायचे कुठे, हा मुळशीत खरा प्रश्न आहे. तालुक्याचे ठाणे असलेल्या पौडला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथून पुणे तीसेक किलोमीटर. पण जलाशयाच्या पलीकडच्या काठावरून किंवा ताम्हिणीकडच्या वाडीवरून पौड गाठण्यातच, त्यातही आषाढाच्या पावसात, बराच वेळ निघून जातो. पुढे पिरंगुट-भूगाव रस्त्याची कोंडी आहेच. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते आणि लवळ्याला सिम्बायोसिसचे वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय झाल्यापासून तालुक्यातच एक मोठा पर्याय उभा राहिला आहे. पुण्यात ससून आहे. जवळच्या रुग्णालयात सलाइन सुरू करून, नाकातून जठरात नळी घालून, तोंडाने काही न देता पुढे पाठवले तर वाटेतला वेळ पूर्ण वाया जात नाही. ज्याने सहा तास गावातच ‘बघू, उतरेल’ म्हणून काढले, त्याचे ते सहा तास मात्र कोणतीच रुग्णवाहिका भरून काढू शकत नाही.

नळीने सुटणारा पीळ

निदान अनेकदा पोटाच्या साध्या क्ष-किरण चित्रावर होते. फुगलेला वळसा ओटीपोटातून वर छातीपर्यंत आलेला दिसतो, मधोमध एक रेघ. डॉक्टर त्याला कॉफीच्या बीची उपमा देतात किंवा वाकवलेल्या सायकलच्या ट्यूबची, आणि ही दुसरी उपमा खेड्यातल्या माणसाला चटकन कळते. शंका राहिली तर सीटी स्कॅन करतात. त्यात पिळलेल्या पडद्याचा भोवरा स्पष्ट दिसतो आणि आतड्याचा रक्तपुरवठा टिकून आहे का याचाही अंदाज येतो.

हा पीळ गुदद्वाराच्या वाटेने सोडवावा ही कल्पना फार जुनी आहे. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथात अडलेल्या आतड्यात भात्याने हवा भरण्याचा उपाय सांगितला आहे. आधुनिक काळात ही पद्धत रुजवली ती नॉर्वेच्या ब्रूसगार्ड यांनी. १९४७ मध्ये त्यांनी सिग्मॉइडोस्कोप, म्हणजे गुदमार्गातून आत पाहण्याची नळी, वापरून पीळ सोडवलेल्या रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. बहुतेक रुग्णांत त्यांना यश आले होते. त्याआधी असा रुग्ण आला की थेट पोट उघडावे लागे, आणि तातडीच्या त्या शस्त्रक्रियांत दगावणाऱ्यांची संख्या मोठी होती.

आज हे काम बहुतेक ठिकाणी लवचीक दुर्बिणीने होते, पण तत्त्व तेच आहे. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात. दुर्बीण हळूहळू आत सरकवत पिळाच्या गाठीपर्यंत नेतात. तिथे आतड्याच्या अस्तराच्या चुण्या भोवऱ्यासारख्या वळलेल्या दिसतात. ती जागा हलकेच ओलांडली की कोंडलेला वायू आणि पातळ मळ एकदम फसकन बाहेर पडतो, म्हणून अनुभवी डॉक्टर आणि परिचारिका आधीच जरा बाजूला उभे राहतात. रुग्णाचे पोट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली बसते. शल्यविभागात इतका झटपट आणि इतका दिसणारा आराम फार थोड्या उपायांनी मिळतो. मग एक लांब नळी आत ठेवून दोन-तीन दिवस तशीच राहू देतात, म्हणजे वळसा लगेच पुन्हा फिरत नाही.

एक अट मात्र काटेकोर पाळावी लागते. अस्तर काळपट दिसले किंवा रक्ताळलेला दुर्गंधी स्राव आला तर तिथेच थांबायचे. अशा आतड्याचा पीळ नळीने सोडवायचा नसतो. तिथे शस्त्रक्रियाच लागते.

उभा छेद, आडवी शिवण

पीळ नळीने सुटलेल्या रुग्णाला शस्त्रक्रिया सुचवली जाते ती या टप्प्यावर, म्हणजे लेखाच्या सुरुवातीच्या तिसऱ्या दिवशी. आतडे जिवंत आहे, फुगी उतरली आहे, शरीरातले पाणी आणि क्षार भरून आले आहेत. घाईगर्दीत मध्यरात्री करण्याऐवजी दिवसा, तयारीने शस्त्रक्रिया करता येते. अमेरिकेतील मोठे आतडे आणि गुदमार्गाच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही असे सांगतात की, प्रकृती झेपत असेल तर रुग्ण घरी जाण्यापूर्वी, त्याच मुक्कामात सिग्मॉइडचा लांबलेला भाग काढून टाकावा. दोन टोके एकमेकांना जोडली की फिरायला झोळीच उरत नाही.

आतडे कापणे मात्र बिनधोक नसते. आतडे कापले की जोड आला, आणि जोड आला की तो गळण्याची शक्यता आली. साधनसामग्री अपुरी असलेल्या रुग्णालयात ही शक्यता शल्यचिकित्सकाची झोप उडवते. म्हणूनच आतडे न कापता पिळाचा बंदोबस्त करता येईल का, हा प्रश्न भारतात गांभीर्याने विचारला गेला, आणि त्याच्या एका उत्तराला महाराष्ट्राचा पत्ता आहे.

तिवारी आणि प्रसाद या भारतीय शल्यचिकित्सकांनी १९७६ मध्ये पडद्यावरच्या शस्त्रक्रियेची कल्पना ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त मांडली होती. त्यानंतर सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९२ मध्ये त्याच नियतकालिकात या प्रकारच्या, मेसोसिग्मॉइडोप्लास्टी नावाच्या शस्त्रक्रियेचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. युक्ती शिंप्याला सुचावी अशी आहे. आतड्याला हात लावायचा नाही. लांब आणि अरुंद झालेल्या पडद्याच्या वरच्या आवरणाला उभा छेद द्यायचा आणि तो आडवा शिवायचा. कापडाला असे केले की त्याची लांबी कमी होते आणि रुंदी वाढते. पडद्याचेही तसेच होते. एका दोरीच्या झोळीचा जणू पाळणा होतो. आतडे उघडले जात नाही, म्हणून जोड गळण्याचा प्रश्नच नाही, आणि वेळही कमी लागतो.

सोलापुरातील या कामाची दखल सिग्मॉइडच्या पिळावरच्या जागतिक वाङ्मयात आजही घेतली जाते. पुढे इतर ठिकाणी मात्र अशा शस्त्रक्रियांनंतर काही रुग्णांत पीळ पुन्हा पडल्याचे आढळले, विशेषतः आतडे फार रुंदावलेले असेल तर. त्यामुळे आज पहिली पसंती आतड्याचा भाग काढण्यालाच आहे. तरीही रुग्ण अशक्त असेल, आतडे निरोगी दिसत असेल आणि जोडाचा धोका पत्करणे शहाणपणाचे नसेल तेव्हा हा पर्याय हाताशी असतो. याच डॉ. सुब्रह्मण्यम यांनी त्या काळात भाजलेल्या जखमांवर मधाच्या पट्ट्यांचा अभ्यास केला होता, आणि तो १९९१ मध्ये त्याच नियतकालिकात आला. योगायोग असा की सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अडलेल्या आतड्याची जी शस्त्रक्रिया वर्णिलेली आहे, तीत बेंबीखाली डावीकडे पोट उघडून, आतडे बाहेर काढून, अडथळा दूर करून, त्याला मध आणि तूप लावून ते पुन्हा आत ठेवायला सांगितले आहे.

काळे आतडे आणि पोटावरची पिशवी

उशीर झालेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया निराळीच असते. पोट उघडल्यावर काळपट हिरवे, ओल्या कागदासारखे मऊ पडलेले आतडे समोर येते. पीळ दिसतो म्हणून तो आधी सोडवण्याचा मोह होईल, पण शल्यचिकित्सक तसे करत नाहीत. पिळाच्या पलीकडे साठलेली विषे आणि जंतू पीळ सुटताच रक्तात उसळून येतात आणि टेबलावरच रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून आधी देठाच्या रक्तवाहिन्या बांधतात आणि मेलेला भाग पीळ न सोडवता तसाच काढतात.

पोटात जंतुसंसर्ग पसरलेला असताना, रक्तदाब औषधांवर टिकलेला असताना आतड्याचा जोड नीट भरून येत नाही. अशा वेळी पॅरिसचे शल्यचिकित्सक आंरी हार्टमन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरतात. त्यांनी ती १९२१ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांसाठी सांगितली होती. खालचे टोक शिवून पोटात ठेवायचे, वरचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढायचे आणि त्यावर पिशवी लावायची. एरवी या पिळावर जी शस्त्रक्रिया होते, तिच्या तुलनेत आतडे काळे पडल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त असते. पहिल्या पिळानंतर टाळलेल्या शस्त्रक्रियेची खरी किंमत ही असते.

जीव वाचला तरी पुढचे आठवडे सोपे नसतात. जखमेत पू होणे हे सर्वांत नेहमीचे. जोड दिला असेल तर साधारण पाचव्या ते सातव्या दिवसाकडे डॉक्टरांचे डोळे लागलेले असतात, कारण गळती त्या सुमारास उघडकीस येते. चांगला सुधारत असलेला रुग्ण अचानक मलूल होतो, नाडी वाढते, ताप येतो, पोट पुन्हा फुगते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी शिवणीच्या जागी हर्निया येऊ शकतो. पोटातल्या आतड्यांना एकमेकांशी चिकटवणारे पट्टे तयार होऊन छोटे आतडे पुन्हा अडू शकते. म्हणून पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पुढे कधीही कळा, उलटी आणि फुगी एकत्र आली तर जुनी शस्त्रक्रिया डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगायला हवी.

पिशवीबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी अशी स्थिती आहे. बाहेर काढलेल्या आतड्याचे तोंड ओठाच्या आतल्या बाजूसारखे लालसर आणि ओलसर असते. त्याला स्पर्श कळला तरी चिमटा घेतल्यासारखे दुखत नाही. ते निळे-काळे पडले किंवा आत ओढले गेले तर लगेच रुग्णालय गाठायचे. पिशवीचे भोक तोंडापेक्षा किंचितच मोठे कापायचे, नाहीतर मळ कातडीवर पसरून ती सोलवटते आणि मग पिशवी चिकटत नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, काठोकाठ भरू देऊ नये. मुळशीच्या दमट पावसाळ्यात चिकटपट्टी लवकर सुटते, म्हणून कातडी पूर्ण कोरडी करण्याला महत्त्व आहे. मोठ्या आतड्याची पिशवी असलेल्या माणसाला नेहमीचे बहुतेक जेवण चालते. तो शेतावर, लग्नाला, वारीला जाऊ शकतो. पण पहिले काही महिने पोती उचलणे, पाण्याच्या घागरी वाहणे, चिखलणी ही कामे बंद, कारण पिशवीशेजारच्या भिंतीतून हर्निया बाहेर येतो. मुंबईतील ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्था अशा रुग्णांना सल्ला आणि साहित्य मिळवून देण्यास मदत करतात.

पिशवी कायमची असेलच असे नाही. साधारण तीन महिन्यांनंतर, प्रकृती सुधारल्यावर, दोन्ही टोके जोडून ती बंद करता येते. मात्र तीही एक मोठी शस्त्रक्रिया असते आणि वय, हृदयविकार, पैसा किंवा पुन्हा पोट उघडण्याची धास्ती यांमुळे अनेक जण ती कधीच करून घेत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. आपली शस्त्रक्रिया तीत बसते का आणि कोणत्या रुग्णालयात होईल, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारलेले बरे.

बाळाची हिरवी उलटी

पीळ फक्त पन्नाशीच्या माणसाला पडतो असे नाही. गर्भाचे आतडे सुरुवातीला नाळेत वाढते, दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परतते आणि या सगळ्या प्रवासात एकूण २७० अंश फिरून आपल्या जागी बसते. काही बाळांत हे फिरणे अपुरे राहते. मग छोट्या आतड्याचा पडदा रुंद पायाने बसण्याऐवजी एका चिंचोळ्या देठावर राहतो आणि जवळजवळ सगळे छोटे आतडे त्या देठाभोवती फिरू शकते. असा पीळ बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात पडतो.

त्याची खूण एकच आणि स्पष्ट: हिरवी उलटी. दुधाची पांढरी गुळणी सगळीच बाळे टाकतात. पालकाच्या रसासारखी गडद हिरवी उलटी मात्र पित्ताची असते आणि नवजात बाळात ती आतडे अडल्याची सूचना मानली जाते. फसवे हे की पहिले काही तास पोट मऊ असते, बाळ पीतही असते. दूध पचत नाही, दृष्ट लागली, घुटी देऊन बघू, यात ते तास जातात. हिरवा डाग पडलेला कपडा धुऊ नये, तो डॉक्टरांना दाखवावा. सांगण्यापेक्षा त्याने निदान लवकर होते.

या बाळांवरची शस्त्रक्रिया अमेरिकेतील बोस्टनचे बालशल्यचिकित्सक विल्यम लॅड यांनी १९३० च्या दशकात घडवली. पीळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पडलेला असतो, म्हणून तो उलट दिशेने सोडवतात. आतड्याला आवळणारे पट्टे कापतात आणि पडद्याचा देठ पसरून रुंद करतात. तत्त्व सोलापूरच्या शिवणीचेच आहे, पाया रुंद करायचा. मग छोटे आतडे पोटाच्या उजवीकडे आणि मोठे डावीकडे ठेवतात. आतडे जगेल की नाही याची शंका असेल तर पोट तात्पुरते बंद करून एक-दोन दिवसांनी पुन्हा उघडून पाहतात, कारण छोट्या आतड्याचा प्रत्येक सेंटिमीटर वाचवायचा असतो. फारच थोडे आतडे उरले तर बाळ तोंडाने घेतलेल्या अन्नावर वाढू शकत नाही आणि त्याला महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, शिरेतून पोषण द्यावे लागते.

याच शस्त्रक्रियेत बाळाचे अपेंडिक्सही बहुधा काढून टाकतात. मोठे आतडे डावीकडे हलवल्यामुळे ते नेहमीच्या जागी राहिलेले नसते, आणि पुढे त्याला सूज आली तर दुखणे भलतीकडेच निघून डॉक्टर चकतात. बारा-पंधरा वर्षांनी अशा मुलाचे पोट दुखले तर समोरच्या डॉक्टरांना हे सगळे कागदावरूनच कळणार असते. मोठ्या माणसाचेही तेच: किती आतडे काढले, जोड कुठे दिला, खालचे टोक कुठे शिवून ठेवले. डिस्चार्ज कार्डासोबत शस्त्रक्रियेची तपशीलवार नोंद मागून घेता येते. पावसाळ्यात घरातले कागद भिजतात, म्हणून तिचा मोबाइलमध्ये फोटो काढून तो घरातल्या दोघा-तिघांकडे असू द्यावा.